चौराह्यावर फलक धरून गप्प उभं राहणं हा गुन्हा आहे का? (इंदूर)

रामबाग_मामा
मंडळी, धागा जरा लांब होणार आहे पण शेवटपर्यंत वाचा, कारण हे उद्या कुणाच्याही घरी होऊ शकतं. माझी भाची लोकसेवा आयोगाची तयारी करते, भंवरकुआंकडे खोली घेऊन राहते. भरतीचं काय चाललंय ते मध्यप्रदेशात राहणाऱ्यांना सांगायला नको, आरक्षणाचा वाद कोर्टात, २०२२ पासून ते ८७-१३ चं सूत्र, म्हणजे १३ टक्के जागांचे निकाल अडकलेलेच, आणि मुलांची वयं निघून चाललीत. तर ह्या मुलांनी ठरवलं की शहरातल्या एका मोठ्या चौराह्यावर, फुटपाथवर, हातात फलक घेऊन तासभर गप्प उभं राहायचं. माइक नाही, नारे नाहीत, रस्ता अडवायचा नाही. आधी रीतसर अर्ज दिला होता, त्याची पावती आहे. उत्तर काही आलं नाही. ना हो, ना नाही.

उभे राहिले आणि थोड्या वेळात गाडी आली. अनुमती दाखवा. पावती दाखवली तर म्हणे ही अनुमती नाही, शहरात धारा १६३, म्हणजे जमावबंदी, लागू आहे, बसा गाडीत. थान्यात संध्याकाळपर्यंत बसवून ठेवलं, नाव पत्ता बापाचं नाव कोचिंगचं नाव सगळं लिहून घेतलं, छापील कागदांवर सह्या घेतल्या आणि वर घरोघरी फोन केले की मुलांना समजवा, पुढे चरित्र सत्यापनात, म्हणजे नोकरीआधीच्या पोलीस पडताळणीत, अडचण येईल. सरकारी नोकरीसाठी रात्रंदिवस अभ्यास करणाऱ्या मुलाला ही गोष्ट कुठे जाऊन लागते ते ज्यांच्या घरी असं मूल आहे त्यांना कळेल. माझ्या बहिणीला तेव्हापासून झोप नाही. थाना कुठला ते लिहीत नाही, मुलांची नावंही नाही, तुम्हीही विचारू नका.

माझं म्हणणं एवढंच आहे की शांतपणे उभं राहणाऱ्याला प्रशासनाला नाही म्हणायचं असेल तर ते लेखी म्हणावं, कारण लिहून, सही-शिक्क्यासकट, आणि वेळेत, म्हणजे माणसाला कोर्टात जाता येईल. उत्तरच द्यायचं नाही आणि मग अनुमती नाही म्हणून उचलायचं, हे मला मान्य नाही आणि मी हे सोडणार नाहीये. कायद्याची माहिती असणाऱ्यांनी कृपया लिहा.

पोहे_जलेबी
मामा, मुलांना सलाम सांगा. डिसेंबर २०२४ मध्ये आयोगाच्या ऑफिससमोर थंडीत रात्र-रात्र बसलेल्या पोरांमध्ये माझा रूममेट होता. तेव्हा सरकारला शेवटी बोलावंच लागलं होतं. बाकी नंतर सविस्तर लिहितो, ऑफिसात आहे.

काळाकोट_इंदूर
मामा, मी वकील आहे, जिल्हा कोर्टात आणि हायकोर्टाच्या इंदूर खंडपीठात दोन्हीकडे काम करते, जेवढं पक्कं आहे तेवढंच लिहिते.

आधी मूळ गोष्ट. संविधानाच्या कलम १९(१)(ख) मध्ये शांततेने आणि विनाशस्त्र जमण्याचा हक्क आहे, आणि १९(३) मध्ये त्यावर वाजवी बंधनं घालता येतात. म्हणजे हक्क आधी, बंधन नंतर. बंधन घालणाऱ्याने कारण द्यायचं असतं, उभं राहणाऱ्याने नाही. हे थान्यात उलटं होऊन जातं.

आता १६३. ही जुनी १४४ च आहे, १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहिता आली तेव्हा नंबर बदलला. इंदुरात डिसेंबर २०२१ पासून पोलीस आयुक्त प्रणाली आहे त्यामुळे असे आदेश आता पोलीसही काढतात, पूर्वी फक्त कलेक्टर काढायचे. पोलिसांनी आदेश काढायचा आणि त्यांच्याच खात्याने तो मोडला म्हणून पकडायचं, मधे दुसरं कुणी नाही, हा बदल आपल्याकडे लोकांच्या फारसा लक्षातच आलेला नाही. कलम तातडीच्या प्रसंगासाठी आहे. आदेश लेखी हवा, त्यात प्रसंग काय आहे ते लिहिलेलं हवं, आणि तो दोन महिन्यांच्या वर चालत नाही, राज्य सरकारने वाढवला तर आणखी सहा महिने. कलम स्वतः घटनाबाह्य नाही, सुप्रीम कोर्टाने १९६१ सालीच नागपूरच्या बाबूलाल पराते खटल्यात ते वैध ठरवलंय, त्यामुळे '१६३ च रद्द करा' म्हणून कोर्टात गेलात तर काही हाती लागणार नाही. पण १० जानेवारी २०२० चा अनुराधा भसीन निकाल वाचा. त्यात कोर्टाने साफ म्हटलंय की मत मांडणं, गाऱ्हाणं मांडणं किंवा लोकशाही हक्क वापरणं दाबायला हे कलम वापरता येणार नाही, एकामागून एक तसेच आदेश काढत राहणं हा अधिकाराचा गैरवापर आहे आणि आदेश लोकांना दिसेल असा प्रसिद्ध झाला पाहिजे.

आपल्या शहरात ह्या कलमाखाली काय काय निघतं बघा. चायनीज मांजावर १६३. भीक देण्यावर १६३, १ जानेवारी २०२५ पासून भीक देणाऱ्यावरही गुन्हा. त्या आदेशांमागचा हेतू चांगला असेलही, मी त्यात जात नाही, पण तातडीचं हत्यार रोजच्या कामाला वापरायची सवय लागली की मग फलकवाली मुलंही त्यात येतात, कुणाला काही वाटेनासं होतं.

मामा, मुलांनी सह्या केल्या तो कागद कुठल्या कलमाचा होता ते बघून सांगा, नागरिक सुरक्षा संहितेचं १७० का १२६, का न्याय संहितेचं २२३. त्यावर पुढचं सगळं अवलंबून आहे.

जेलरोड_दुकानदार
मी वेगळं मत मांडतो, राग मानू नका. माझं दुकान जेलरोडला आहे. महिन्यात किती वेळा कुणाची ना कुणाची रॅली निघते, पुतळा जाळतात, ज्ञापन म्हणजे निवेदन द्यायला जातात, आणि राजवाड्यापासून इकडे सगळं ठप्प होतं. गिऱ्हाईक येत नाही ते सोडा, पण डोळ्यासमोर अँब्युलन्स अडकलेली पाहिलीय. तेव्हा हक्क कुठे जातो त्या पेशंटचा? सुप्रीम कोर्टानेच शाहीन बागच्या प्रकरणात ७ ऑक्टोबर २०२० ला सांगितलंय ना की सार्वजनिक रस्ता असा बेमुदत अडवून बसता येणार नाही, आंदोलन ठरलेल्या जागी करा. मग दसरा मैदानावर जा, तिथे दिवसभर उभे राहा, कोण अडवतंय? पोलिसांनी आधी सूट दिली आणि गर्दी वाढून काही झालं तर आपणच म्हणणार पोलीस झोपले होते का.

रामबाग_मामा
दादा, राग कशाचा, तुमचं दुकान बंद पडतं ते खरं आहे आणि अँब्युलन्सचंही. पण ही मुलं रस्त्यावर नव्हतीच. फुटपाथवर ओळीने उभी, पायी जाणाऱ्याला जागा सोडून. तुम्ही ज्या पुतळा जाळणाऱ्या रॅल्या म्हणताय त्या बहुतेक मोठ्या पक्षांच्या असतात आणि त्यातल्या किती लोकांना थान्यात बसवून बापाला फोन जातो ते तुम्हीच सांगा. माझी तक्रार नेमकी इथेच आहे. आदेश सगळ्यांवर सारखा लागू, म्हणजे कागदावर शहरातला प्रत्येक घोळका गुन्हेगार, आणि मग त्यातून कुणाला उचलायचं हे थान्यातला माणूस ठरवणार. ज्याच्या पाठीमागे कुणी नाही तोच सापडतो.

आणि दसरा मैदानाचं म्हणाल तर तिथे उभं राहून कुणाला दिसणार हो? मोकळ्या मैदानाला फलक दाखवायचा का?

काळाकोट_इंदूर
दुकानदार दादा, शाहीन बागचा निकाल आहे तसाच आहे, मीही तेच सांगते मुलांना की रस्ता बंद करू नका, एक लेन सुद्धा नाही. पण त्याच्या दोन वर्षं आधीचा, २३ जुलै २०१८ चा निकालही सोबत वाचा, मजदूर किसान शक्ती संघटनचा. जंतरमंतरवर सरसकट बंदी होती, कोर्ट म्हणालं सरसकट बंदी चालणार नाही, नियम करा आणि परवानगी द्या. आंदोलन ज्यांच्यासाठी आहे त्यांच्या नजरेला पडलं पाहिजे हेही त्यातून कळतं. दोन्ही निकाल मिळून बोलतात, एकच उचलायचा नाही.

सुरसागर
बडोद्याहून लिहितेय, दांडिया बाजारची. आमच्याकडे हेच दुसऱ्या कलमाने चालतं. गुजरात पोलीस अॅक्टचं ३७(३), म्हणजे जुना १९५१ चा बॉम्बे पोलीस अॅक्ट, चार किंवा जास्त माणसं जमायला बंदी. राज्य सरकारच्या मंजुरीशिवाय पंधरा दिवसांपेक्षा जास्त चालत नाही असं त्यातच लिहिलंय, पण एक संपली की दुसरी अधिसूचना येते, आणि ती कुठे छापली जाते ते सामान्य माणसाला कळतही नाही.

तरी एक महत्त्वाचं सांगते, ह्या विषयातला मोठा निकाल आमच्या गुजरातमधूनच गेलेला आहे. हिंमतलाल शाह विरुद्ध अहमदाबादचे पोलीस आयुक्त, १९७२, घटनापीठाचा. रस्त्यावर सभा घ्यायला आयुक्तांची परवानगी हवी असा नियम होता आणि परवानगी कशावर द्यायची कशावर नाही ह्याचा काही निकषच नव्हता. कोर्टाने तो नियम उडवला. सरकार रस्त्यावरच्या सभेचं नियमन करू शकतं पण सगळे रस्तेच सभेला बंद करून टाकू शकत नाही, असं म्हटलं. मामांची तक्रार हीच तर आहे. निकषच नाही, उत्तरही नाही.

आणि बोलण्या-लिहिण्याचं म्हणाल तर आम्ही बडोदेकरांनी २००७ च्या मे महिन्यात फाईन आर्ट्सला जे पाहिलं ते अजून जात नाही मनातून. परीक्षेसाठी मांडलेली चित्रं, बाहेरून लोक आत घुसले आणि अटक झाली ती चित्र काढणाऱ्या मुलाला. विद्यार्थ्यांनी निषेध म्हणून प्रदर्शन लावलं, ते बंद करायला डीननी नकार दिला तर त्यांनाच निलंबित केलं. माझा भाऊ तेव्हा तिथे शिकत होता. सयाजीरावांच्या नावाच्या विद्यापीठात हे झालं ह्याचं आमच्या घरी फार वाईट वाटलं होतं.

फलकवाली
नमस्कार, मी मामांची भाची, मामांच्या सांगण्यावरून आयडी काढलाय. कागदाचं विचारलं म्हणून सांगते. दोन कागद होते. एकावर हिंदीत छापलेलं होतं की मी संज्ञेय अपराध करण्याच्या तयारीत होते आणि दुसऱ्या कुठल्या उपायाने मला थांबवता आलं नसतं म्हणून पकडलं. नावाची जागा रिकामी, बाकी सगळं आधीच टाइप केलेलं. मी विचारलं सर कुठला अपराध, तर म्हणे सही कर, जास्त कायदा शिकवू नकोस. दुसरा कागद नीट वाचू दिला नाही.

फलक आम्ही जुन्या कॅलेंडरच्या पाठच्या बाजूला स्केचपेनने केले होते. माझ्यावर लिहिलं होतं 'हमारी उत्तरपुस्तिका हमें दिखाओ'. एवढंच. तो फलक टेबलावर ठेवला होता, एक महिला आरक्षक (कॉन्स्टेबल) होत्या, माझ्याच वयाच्या असतील, त्यांनी तो उलटून पुढची तारखांची बाजू बघितली आणि हळूच विचारलं कोणत्या परीक्षेची तयारी करतेस. मी सांगितलं. त्या म्हणाल्या माझा भाऊ पण करतोय. मग वरचे साहेब आले आणि त्या उठून गेल्या. मला त्यांच्यावर राग नाही आला. राग ह्याचा आला की फोन काढून घेतला आणि गॅलरी, व्हॉट्सअॅप सगळं बघितलं, एका मुलाचं स्टेटस वाचून सगळ्यांसमोर हसले. ते स्टेटस सरकारवर टीका करणारं होतं, शिवी नव्हती त्यात काही.

आम्ही परत उभं राहणार आहोत. घाबरलोय, पण राहणार आहोत.

काळाकोट_इंदूर
बाळा, लिहिलंस ते फार बरं केलंस. तो पहिला कागद १७० चा आहे, जुनी १५१. दखलपात्र गुन्हा करायचा बेत आहे असं पोलिसाला कळलं आणि दुसरा काही इलाज नसेल तरच ती अटक, आणि चोवीस तासांच्या वर ठेवता येत नाही. गप्प उभं राहणारी मुलगी कुठला दखलपात्र गुन्हा करणार होती ते त्यांच्या रोजनामच्यात लिहिलेलं असायला हवं. ते मागायचं. अटकेचं कारण सांगणं कलम ४७ खाली बंधनकारक आहे, घरच्यांना कळवणं ४८ खाली, वकिलाला भेटू देणं ३८ खाली, आणि सूर्यास्तानंतर बाईला अटक करायची तर अपवादात्मक कारण, महिला अधिकारी आणि मॅजिस्ट्रेटची आधी परवानगी, हे ४३(५) मध्ये आहे. ह्यातलं घरच्यांना कळवणं आणि वकिलाला भेटू देणं डी. के. बसू खटल्यात १९९६ पासून सांगितलं जातंय.

दुसरा कागद बहुतेक १२६ चा असेल, शांतता राखण्याचा बाँड, आपल्याकडे ज्याला बाउंड ओव्हर म्हणतात. त्याची नक्कल मिळवूया, मी अर्ज करून देते, फी नको. फोन घ्यायचा असेल तर जप्ती पत्रक द्यावं लागतं आणि नव्या कायद्यात कलम १०५ खाली झडती-जप्तीचं व्हिडिओ रेकॉर्डिंग करावं लागतं. असंच हातातून घेऊन चाळायचं, ह्याला आधार नाही.

आणि २२३ लावलं असेल, म्हणजे आदेश मोडला म्हणून, तर घाबरू नका. जामीनपात्र आहे, जास्तीत जास्त सहा महिने किंवा अडीच हजार दंड, कुणाच्या जीवाला धोका झाला तर एक वर्ष. शिवाय २१५ खाली, संबंधित अधिकाऱ्याने स्वतः लेखी तक्रार दिल्याशिवाय कोर्ट त्याची दखलच घेऊ शकत नाही. इथे थाने नेहमी चुकतात, नुसतं एफआयआर आणि चालान (आरोपपत्र) करून पाठवतात.

निवृत्त_खाकी
मी मध्यप्रदेश पोलिसात होतो, टीआय म्हणजे थान्याचा प्रमुख म्हणून निवृत्त झालो, थाने बरेच पाहिले. आतलं सांगतो म्हणजे तुम्हाला चित्र कळेल.

अर्ज आला की तो थान्याकडे अभिमतासाठी येतो. थान्याने लिहायचं की आक्षेप आहे का नाही. आता 'आक्षेप नाही' लिहिलं आणि काही झालं तर टीआय लाइन अटॅच, म्हणजे थान्यावरून काढून पोलीस लाइनीत बसवला जातो. 'आक्षेप आहे' लिहिलं तर कारण द्यावं लागतं, ते उद्या कोर्टात दाखवतील. म्हणून सगळ्यात सुरक्षित काय, फाइल वर-खाली फिरवत ठेवायची आणि तारीख निघून जाऊ द्यायची. कुणी एक माणूस वाईट असतो म्हणून हे होत नाही, अशीच पद्धत पडलेली आहे. मामांच्या अर्जाला उत्तर नाही आलं त्याचं कारण मला तरी हेच दिसतं.

मग व्हीआयपी दौरा असला, किंवा नसला तरी, वरून फोन येतो की चौराहा खाली पाहिजे. लेखी काही नाही. सकाळपासून उभा असलेला जवान, ना वेळेवर जेवण ना पाणी, त्याला सांगितलं उचला तर तो उचलतो. १७० चे कागद आधीच छापलेले असतात, मुलीने लिहिलंय ते खरं आहे. आणि हो, सोपी माणसं पकडली जातात. शंभर गाड्यांच्या काफिल्याला कोण हात लावतो? मी नोकरीत असतानाही हे बोललो होतो, आजही बोलतो.

२००६ मध्ये प्रकाश सिंह खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की थानेदारापासून वरपर्यंत किमान दोन वर्षं हलवू नका, म्हणजे तो फोनवरच्या आदेशाला नाही म्हणू शकेल. तो निकाल खरोखर अमलात आला असता तर असे अर्धे प्रसंग टळले असते. ज्याची खुर्ची एका फोनने जाते त्याच्याकडून कायद्याची अपेक्षा कशी करणार. तरुण मुलांना माझी विनंती, थान्यात शांत राहा, कागद वाचल्याशिवाय सही नको, आणि सही करावीच लागली तर सहीखाली तारीख आणि वेळ घाला. वेळ घातली की पुष्कळ गोष्टी बदलतात.

अजून एक. लहान गाऱ्हाणं वेळेत ऐकलं नाही की ते मोठं होतं हे मी माळव्यात राहून पाहिलंय. ६ जून २०१७ ला मंदसौरजवळ पिपल्यामंडीत गोळीबारात पाच शेतकरी गेले. त्यांची मागणी काय होती, पिकाला भाव. त्याच्याही फार आधी, १९५४ मध्ये आपल्या इंदुरातच गोळीबार झाला होता आणि चौकशीला वांछू आयोग नेमावा लागला होता, तेच वांछू पुढे सरन्यायाधीश झाले. खात्यात नव्याने येणाऱ्यांना हे शिकवलं पाहिजे असं मला फार वाटतं.

पोहे_जलेबी
आता घरी आलो. स्टेटसचं वाचून बोलावंसं वाटलं कारण ह्या बाबतीत इंदूरचं नाव सारखं येतंय. १ जानेवारी २०२१ ला विनोदवीर मुनव्वर फारूकीला ५६ दुकानजवळच्या कॅफेतून पकडलं, महिन्याहून जास्त तुरुंगात, आपल्या खंडपीठाने जामीन नाकारला आणि ५ फेब्रुवारीला सुप्रीम कोर्टाने अंतरिम जामीन दिला. मग इंदूरच्याच एका व्यंगचित्रकाराचं, २०२१ मध्ये कोरोनाच्या वेळी काढलेल्या चित्रावरून २०२५ च्या मे मध्ये गुन्हा, इथे अटकपूर्व जामीन नाही, पुन्हा जुलैमध्ये दिल्लीहून संरक्षण. चित्र आवडणं न आवडणं वेगळं, मला त्यातलं सगळंच आवडलं असं नाही. पण प्रत्येक वेळी माणसाने सुप्रीम कोर्टापर्यंत जायचं का? ज्याच्याकडे वकिलाला द्यायला पैसे नाहीत त्याचं काय?

२८ मार्च २०२५ चा इमरान प्रतापगढीचा निकाल सगळ्यांनी वाचावा. जामनगरला एका कवितेवरून एफआयआर, गुजरात हायकोर्टाने रद्द करायला नकार दिला, सुप्रीम कोर्टाने रद्द केला. त्यात दोन गोष्टी मोठ्या आहेत. एक, शब्दांचा परिणाम मोजायचा तो खंबीर, समजूतदार माणसाच्या नजरेने मोजायचा, ज्याला प्रत्येक टीकेत धोका दिसतो अशा कमकुवत मनाच्या माणसाच्या नजरेने नाही. दोन, तीन ते सात वर्षं शिक्षेचा गुन्हा असेल तर १७३(३) खाली आधी चौदा दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते, आणि बोलण्या-लिहिण्याच्या प्रकरणात पोलिसांनी ती वाट घेणं योग्य असं कोर्ट म्हणतं. हा निकाल हिंदीत छापून प्रत्येक थान्याच्या भिंतीवर लावला पाहिजे. मनापासून म्हणतोय.

आजी_स्नेहलतागंज
नातीच्या मोबाइलवरून लिहिते आहे, चुका सांभाळून घ्या. आणीबाणी लागली तेव्हा मी शाळेत शिकवत होते. आमच्या वाड्यातल्या दोन घरचे कर्ते पुरुष मिसाखाली आत होते, एक संघाचे आणि एक समाजवादी, दोघांच्या बायका एकाच नळावर पाणी भरायच्या आणि एकमेकींना विचारायच्या काही कळलं का. राहुल बारपुत्यांच्या 'नई दुनिया'ने तेव्हा अग्रलेखाची जागा कोरी सोडली होती. आपला मराठी माणूस, फार सौम्य बोलणारा, पण ती कोरी जागा अख्ख्या शहराने वाचली.

आज त्याच मिसाबंद्यांना आपलं राज्य लोकतंत्र सेनानी म्हणून सन्मान निधी देतं. द्यायलाच हवा, त्यांनी सोसलं. मग आज चौराह्यावर उभ्या मुलीला बापाचं नाव विचारून दम का द्यायचा, ते मला कुणी समजावून सांगा. २०१७ च्या ऑगस्टमध्ये मेधाताईंना चिखलद्याहून उपोषणावरून उचलून इंदूरच्या रुग्णालयात आणलं होतं, मी बाहेर जाऊन उभी होते, आत सोडलं नाही. दोन दिवसांनी बडवानीकडे परत जाताना त्यांना पकडून धारच्या तुरुंगात टाकलं. सरकार कुठल्या पक्षाचं ते मी बघत नाही, मी दोन्ही पाहिली आहेत. मुली, तू परत उभी राहशील तेव्हा मला सांग. मला फार वेळ उभं राहता येत नाही, खुर्ची आणीन.

जेलरोड_दुकानदार
आजी, तुमच्यासाठी खुर्ची मी पाठवतो दुकानातून, खरंच. आणि मामा, लेखी नकाराचा मुद्दा मला पटला, त्यात आमचाही फायदा आहे, आम्हालाही आधी कळेल काय होणार आहे, किती वाजता. रस्ता अडवण्याबद्दल मात्र माझं मत तेच आहे, ते बदलणार नाही. मोठ्या पक्षांच्या रॅल्यांनाही हाच नियम लावा, मग मी पहिला सही करतो.

काळाकोट_इंदूर
दुकानदार दादा, तुमची सही मी घेणारच आहे.

आता पुढचं काय ते सांगते. १६३(५) खाली आदेशाने ज्याचं नुकसान झालंय तो माणूस तो आदेश मागे घ्या किंवा बदला असा अर्ज करू शकतो. आणि (७) खाली अर्जदाराला लवकर म्हणणं मांडायची संधी द्यावीच लागते, अर्ज फेटाळला तर कारणं लेखी नोंदवावी लागतात. मामा, तुम्हाला जो लेखी नकार हवाय तो कायद्यातच इथे बसलेला आहे, कुणी मागत नाही म्हणून मिळत नाही. अर्जात दोन गोष्टी मागायच्या. जो आदेश दाखवला त्याची नक्कल आणि तो कधी, कुठे प्रसिद्ध केला. दुसरं, शांत, विनामाइक, फुटपाथवरच्या दहा-पंधरा जणांना त्यातून वगळा. अर्ज आवक शाखेत द्यायचा, शिक्का, तारीख, सही घ्यायची, आणि त्याच दिवशी ईमेलही करायचा. उत्तर आलं नाही तर संविधानाच्या कलम २२६ खाली खंडपीठात, ती याचिका मी करेन.

पुढच्या वेळी उभं राहताना अर्जात जागा, वेळ, माणसं किती, जबाबदार कोण, सगळं लिहा. लाउडस्पीकर लावूच नका, त्याला कोलाहल नियंत्रण अधिनियमाखाली वेगळी अनुमती लागते आणि उगाच एक कारण मिळतं त्यांना. एक जण रस्त्याच्या पलीकडून सलग व्हिडिओ काढत राहील असं बघा.

रामबाग_मामा
ताई, अर्ज आज दिला. आवक शाखेत आधी घेईनात, म्हणाले हे असं कुणी देत नाही, मग (५) आणि (७) वाचून दाखवलं तेव्हा आतून विचारून आले आणि शिक्का दिला. फोटो तुम्हाला पाठवलाय. खाकी काकांनी सांगितलं तसं वेळही लिहून घेतली. बहिणीला तुम्ही फोन केलात त्याचा फार उपयोग झाला, चरित्र सत्यापनाचं तुम्ही समजावल्यावर जरा धीर आला तिला. मुलं नवा अर्ज लिहीत बसलीत माझ्याकडेच, आजींचं नावही त्यात टाका म्हणतायत.

देवासकर
उशिरा आलो धाग्यावर. आमच्या देवासला आयुक्त प्रणाली नाही, मग (५) चा अर्ज कुणाकडे द्यायचा? आमच्याकडेही एका ज्ञापनाच्या वेळी असंच बसवून ठेवलं होतं.

काळाकोट_इंदूर
ज्याने आदेश काढला त्याच्याकडे, किंवा त्याच्या वरच्याकडे. तुमच्याकडे जिल्हा दंडाधिकारी म्हणजे कलेक्टर, नाहीतर एसडीएमने (उपविभागीय दंडाधिकारी) काढला असेल तर एसडीएम. आदेशाच्या वर क्रमांक आणि खाली सही बघा, त्यावरून कळेल. नक्कल मिळत नसेल तर मला मेसेज करा.